भिजलेल्या लॅपटॉपची नाडीपरीक्षा

आमच्या येळ्ळूरच्या शिवारात पिकणारा बासमती तांदूळ बेळगावच्या बाजारपेठेत नावाजलेला आहे. त्याचा भात कसा होतो हे या पंचक्रोशीतल्या वाचकांना मी सांगायला नको. परंतु अलीकडे या तांदळामागे एक नवाच उद्योग लागला आहे. कोणाचा मोबाइल पाण्यात पडो की कोणाच्या लॅपटॉपवर चहा सांडो, घरातले वडीलधारे माणूस लगेच पिंपाकडे बोट दाखवते : "तांदळात पुरून ठेव, पाणी ओढून घेतो." गेल्या जुलैत माझ्या आतेबहिणीचा लॅपटॉप असाच दोन दिवस तांदळात होता. तिसऱ्या दिवशी तो काढून झटकला, बटण दाबले, आणि तो चक्क चालू झाला. आत्याने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत तो नीट चालला. रात्री दहाच्या सुमारास एकाएकी बंद पडला तो पडलाच.

ताई त्या वेळी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करीत होती. परीक्षेला पाच आठवडे उरले होते आणि टिपणे, सराव प्रश्नपत्रिका, सगळे त्याच यंत्रात. शहरातल्या एका दुकानात दाखविला, तेव्हा त्यांनी तो उघडून पाहिला न पाहिला आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला. नवा घालावा लागेल, सोळा हजार." लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी ३८ हजारांना घेतलेला, तोही भात विकून आलेल्या पैशातून. संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरण्याची आयकराची रीत लावली, तर तीन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत उरते ८,२०८ रुपये. आठ हजारांच्या वस्तूला सोळा हजारांचा बोर्ड! मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हा व्यवहार मला पटेना. शहापुरातल्या एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात मी सुट्टीत मदतीला बसतो. तिथल्या अण्णांकडे मी तो लॅपटॉप नेला. पुढचे जे काही लिहीत आहे ते बहुतेक त्यांच्याच मेजावर शिकलेले आहे.

"मदरबोर्ड गेला" या वाक्याला खरे म्हणजे काही अर्थ नाही. बोर्डावर बाराशे-पंधराशे लहानमोठे भाग असतात. ते सगळे एकदम कसे जातील? एखाददुसरा गेलेला असतो आणि त्याच्यामुळे बाकीचे उपाशी राहतात. तो एखाददुसरा शोधायचा कसा, एवढाच प्रश्न असतो.

त्याआधी पाणी नेमके काय करते ते पाहू. पुष्कळांना वाटते की पाणी लागले म्हणजे यंत्र मेले. वस्तुतः अगदी शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. आपले विहिरीचे वा नळाचे पाणी शुद्ध नसते, त्यात क्षार असतात. आणि चहात तर दूध, साखर, सगळेच. असे पाणी दोन तारांमध्ये साचले आणि त्या तारांमध्ये विद्युत्‌दाब असला, की तिथे विद्युत्‌विघटन सुरू होते. शाळेत नववी-दहावीत तांब्याचा मुलामा चढविण्याचा प्रयोग आपण शिकलो, तोच इथे नको त्या जागी घडतो. धन बाजूचे तांबे विरघळू लागते, ऋण बाजूकडून धातूचे केसासारखे कोंब फुटून पलीकडे पोचू पाहतात, आणि बोर्डावर ती ओळखीची हिरवी-निळी बुरशी दिसू लागते. ती बुरशी नव्हेच. ते तांब्याचे क्षार.

म्हणजे घात एकट्या पाण्याने होत नाही, पाणी आणि वीज यांच्या संगतीने होतो. लॅपटॉप बंद केला तरी आत बॅटरी जोडलेली असते आणि बोर्डाच्या काही भागांत वीज रात्रंदिवस जागी असते. म्हणूनच सांडल्याबरोबर करायचे काम तांदळाचे नाही. चार्जर काढावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावे, पालथे घालावे, आणि शक्य तितक्या लवकर तळाचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवावी किंवा सोडवून घ्यावी. तांदूळ साखर ओढत नाही, क्षारही ओढत नाही. २०२४ साली ॲपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना ओला फोन तांदळात ठेवू नका असे सांगितले, कारण तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात. ताईच्या यंत्रात चहाचे पाणी उडून गेले, साखर आणि दूध मात्र राहिले. आमच्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ते पुन्हा ओल धरू लागले. वर बॅटरी जोडलेलीच. तिसऱ्या दिवशी चालू झालेला लॅपटॉप त्याच रात्री का मेला, याचे कोडे इतकेच.

आता विजेचा मार्ग. चार्जरमधून साधारण १९ व्होल्ट येतात. हे १९ व्होल्ट कोणालाच थेट उपयोगी नसतात. मेंदूचे काम करणाऱ्या प्रोसेसरला एक व्होल्टच्या आसपास दाब लागतो, स्मृतीच्या पट्टीला तिच्या पिढीप्रमाणे १.१ किंवा १.२ व्होल्ट, इतरांना ३.३ आणि ५. म्हणून मोठ्या कालव्यातून पाट, पाटातून सरी आणि सरीतून वाफा, असे हे पाणी वळविलेले असते. प्रत्येक वळणावर झडपेसारखे काम करणारे मॉसफेट आणि एक काळे चौकोनी कॉइल असते. कॉइल दिसले की समजावे, इथे एक नवा दाब तयार होतो.

ही वाटणी एकदम होत नाही, हे मला सर्वांत मौजेचे वाटले. प्रथम १९ व्होल्ट दारातून आत येतात, पण दारावर चार्जिंगची चिप पहारेकऱ्यासारखी बसलेली असते. चार्जर खरोखर लागला आहे अशी तिची खात्री झाल्यावरच ती झडप उघडते. मग ३.३ आणि ५ व्होल्टचे जागते पुरवठे तयार होतात. त्यावर एक लहान नियंत्रक जागा होऊन बटणाची वाट पाहत बसतो. बटण दाबले की तो मुख्य चिपला कळवितो, आणि मग एकेक पुरवठा क्रमाने सुरू होतो. प्रत्येकजण "माझे ठीक आहे" असा संकेत पुढच्याला देतो. तो संकेत मिळाल्याखेरीज पुढचा हलत नाही. प्रोसेसरचा पुरवठा जवळजवळ शेवटी येतो. मधला एकजण गप्प राहिला की त्याच्या पुढची सगळी रांग तशीच उभी. बाहेरून आपल्याला दिसते ते एकच : लॅपटॉप लागत नाही.

आपल्याकडे तेरीज जुळली नाही तर आपण लगेच पहिल्या पानापासून नोंदी तपासत बसत नाही. आधी फरकाचा आकडा पाहतो. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल, निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली तर ती नोंद उलट्या बाजूला पडली असेल. बोर्डाच्या बाबतीत हा फरकाचा आकडा म्हणजे तो ओढीत असलेला विद्युत्‌प्रवाह. दुकानात चार्जरऐवजी मेजावरचा एक वीजपुरवठा जोडतात. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसतात. १९ व्होल्ट दिले आणि प्रवाह शून्य, तर वीज दारातच अडली. शतांश-दोन शतांश अँपिअर दिसले, तर जागते पुरवठे बहुधा ठीक आहेत. बटण दाबल्यावर काटा उडाला आणि परत बसला, तर रांगेत मध्येच कोणीतरी गप्प आहे. आणि जोडताक्षणीच प्रवाह मर्यादेला भिडून दाब कोसळला, तर शॉर्ट. नव्या लॅपटॉपांत टाइप-सी चार्जर असतो. तो सुरुवातीला ५ व्होल्टच देतो आणि यंत्राशी बोलणी झाल्यावर २० पर्यंत चढतो. त्यामुळे तिथे मीटर ५ वरच अडकलेला दिसला, तर बोलणीच फिसकटली असे धरून चालावे.

परंतु भिजलेल्या बोर्डाला एकदम वीज देणे हा अपराध आहे. अण्णांचे एक कानडी वाक्य आहे, ते नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकवतात : "मोदलु नोडु, आमेले मुट्टु." आधी बघ, मग हात लाव. त्यांनी आमच्या आत्याला बॅटरी, चार्जर काही न विचारता आधी हेच विचारले, की काय सांडले, कोणत्या बाजूला सांडले, नंतर किती वेळा चालू करून पाहिले.

"तीन-चारदा बघितलं की," आत्या म्हणाली. "लागतंय का म्हणून."

अण्णांनी नुसती मान हलविली.

बॅटरी सोडवून बोर्ड बाहेर काढला. भिंगाखाली डाव्या बाजूला, चार्जरच्या खाचेजवळ, हिरवट डाग दिसत होते आणि पहारेकरी चिपच्या एका कडेला चहाचा पिवळा थर वाळला होता. इथे बरेच लोक नुसते अल्कोहोल ओतून ब्रश फिरवितात. अल्कोहोल पाणी पळविते, पण साखर आणि क्षार त्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. म्हणून आधी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, मागून आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मग सावकाश कोमट हवा. पाण्याने भिजलेला बोर्ड पुन्हा पाण्यानेच धुताना पाहून आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वीज नसली की पाणी निरुपद्रवी, हे तिला पटविणे कठीण गेले.

बोर्ड कोरडा झाल्यावर वीज न देता मल्टीमीटरने एकेका कॉइलचा ग्राउंडशी रोध मोजायचा. या मोजणीत मी एकदा चांगलाच फसलो आहे. पहिल्याच महिन्यात एका बोर्डावर प्रोसेसरच्या कॉइलपाशी मला अवघे चार ओहम मिळाले आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने प्रोसेसर शॉर्ट असल्याचे जाहीर केले. अण्णा हसले. एक व्होल्टवर पुष्कळ प्रवाह खाणाऱ्या प्रोसेसरचा रोध मुळातच इतका कमी असतो. चार ओहम हे त्याचे आरोग्य, आजार नव्हे. उलट १९ व्होल्टच्या मुख्य मार्गावर हजारो ओहम दिसायला हवेत, आणि कपॅसिटर भरत जातील तसा आकडा चढत जायला हवा. तिथे चार ओहम म्हणजे दिवाळे. आकडा तोच, पण खाते कोणते यावर त्याचा अर्थ ठरतो. ज्याने एकदा जमा आणि नावे यांत गोंधळ केला आहे त्याला हे लवकर कळेल.

ताईच्या बोर्डावर बाकी सगळी कॉइले ठीक होती. मुख्य मार्गावर मात्र ०.८ ओहम.

शॉर्ट आहे हे कळले, पण कुठे? त्या एका मार्गावर दोन-तीन डझन कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असतात. लहानात लहान कपॅसिटर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, मोहरीपेक्षाही बारीक. एक फुटला की मीटरला सगळेच फुटल्यासारखे दिसतात. एकेक काढून पाहणे हा एक मार्ग झाला, पण तो आंधळ्याचा. दुसरा मार्ग असा, की त्या मार्गावर बाहेरून मुद्दाम थोडी वीज सोडायची आणि कोण तापतो ते पाहायचे. शॉर्ट झालेला भागच सगळा प्रवाह पितो, म्हणून तोच गरम होतो.

यात एक धोका आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. मुख्य मार्ग आणि प्रोसेसरचे कॉइल यांच्यामधला वरचा मॉसफेटच जर फुटला असेल, तर मुख्य मार्गावर सोडलेली वीज सरळ प्रोसेसरच्या अंगावर जाते. त्यासाठी आधी ते मॉसफेट मोजावेत, आणि मार्ग १९ व्होल्टचा असला तरी बाहेरून एकच व्होल्ट द्यावा. आम्ही मॉसफेट मोजले, एक व्होल्ट दिला, सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू लागला. बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर दिला. मोठ्या दुकानांत यासाठी उष्णता दाखविणारा कॅमेरा असतो. आमच्याकडे अल्कोहोल आणि डोळे. थर सगळीकडे चकचकत होता, आणि चार्जरच्या खाचेपासून दोन बोटांवर एका ठिकाणी तो बघताबघता सुकून गेला. पुन्हा ओतला, पुन्हा तिथेच सुकला. तपकिरी रंगाचा एक कपॅसिटर, बाहेरून अगदी साजूक. तो चिमट्याने उचलला आणि मीटरचा आकडा चढू लागला. एका मेलेल्या बोर्डावरून त्याच मापाचा, २५ व्होल्ट सोसणारा दुसरा काढून तिथे बसविला.

मला वाटले, झाले. १९ व्होल्ट जोडले. प्रवाह शून्य.

इथपर्यंत आलेला माणूस सहसा हात टेकतो. आणि "बोर्ड गेला" हे वाक्य पुष्कळदा याच ठिकाणी जन्माला येत असावे. तेरजेत दोन चुका असल्या तर एक सापडल्यानंतरही फरक राहतोच, म्हणून काही पहिली दुरुस्ती चुकीची ठरत नाही. शॉर्ट गेला होता हे मीटर सांगत होता. आता वीज दारातच अडत होती, म्हणजे पहारेकरी चिप झडप उघडीत नव्हती. बॅटरीच्या बाजूने चालवून पाहावे, तर बॅटरी पार रिकामी.

या चिपला चार्जर लागल्याचे कसे कळते? १९ व्होल्ट तिला सोसत नाहीत, म्हणून दोन रोधकांच्या जोडीने त्यांचा लहानसा हिस्सा काढून तिच्या एका पायाला देतात. या बोर्डावर वरचा रोधक ४३० हजार ओहमचा आणि खालचा ६६.५ हजारांचा. हिशेब त्रैराशिकाचा : १९ गुणिले ६६.५ भागिले ४९६.५, म्हणजे सुमारे २.५४ व्होल्ट. हा दाब २.४ च्या वर असला की चिप म्हणते, चार्जर आला. फरक पाहा किती नाजूक आहे. आम्ही त्या पायावर मीटर टेकविला तर १.९ व्होल्ट. उलट हिशेब केला, तर खालचा रोधक ठीक धरल्यास वरचा सहाशे हजारांच्या घरात गेलेला असायला हवा. तो काढून मोजला. कागदावर आलेला आकडा आणि मीटरचा आकडा जवळजवळ एकच. भिंगाखाली त्याचे एक टोक हिरवे पडून खाल्लेले होते. खिळ्याच्या टोकाएवढा रोधक, नवा घेतला तर काही पैशांचा. माझ्या आयुष्यात त्रैराशिकाने इतका आनंद त्यापूर्वी कधी दिला नव्हता.

तो बदलला आणि १९ व्होल्ट पुन्हा जोडले. दोन शतांश अँपिअर. ३.३ आहेत, ५ आहेत. बटण दाबले, आकडा उडाला, क्षणभर घुटमळला, आणि चढत गेला. पंखा फिरला. अण्णा "हं" एवढेच म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सगळेच बोर्ड असे वठणीवर येत नाहीत. बोर्ड हा तांब्याच्या अनेक थरांचा बनलेला असतो. आतल्या थरातली तार खाल्ली गेली किंवा मोठ्या चिपच्या पोटाखाली पाणी जाऊन कुजले, तर आमच्यासारख्या दुकानाचे काम तिथे संपते. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव-निपाणी भागात पूर आला होता. तशा पुराच्या गढूळ पाण्यात दिवसच्या दिवस बुडालेले यंत्र आणि वरून अर्धा कप चहा सांडलेले यंत्र, यांची बरोबरी करू नये. दुसरी अडचण आराखड्याची. कोणता रोधक कुठे आणि किती ओहमचा, हे दाखविणारा नकाशा कंपन्या सहसा देत नाहीत. दुरुस्ती करणारे तो कुठून कुठून मिळवितात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. माझ्या मते, मंडळाचा नकाशा हाती असणे हाच त्या हक्काचा गाभा आहे, कारण त्यावाचून वरचा तो ४३० आणि ६६.५ चा हिशेब मांडताच आला नसता.

ज्यांना दुरुस्ती करायची नाही त्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोर्ड मेला तरी माहिती मेलेली नसते. पुष्कळ लॅपटॉपांत ती एका निराळ्या पट्टीवर असते. ती पट्टी काढून दुसऱ्या यंत्रात लावता येते. काही यंत्रांत माहिती कुलूपबंद असते आणि तिची लांबलचक आकडी किल्ली आपल्या खात्यात साठविलेली असते, ती आजच कागदावर उतरवून ठेवावी. काही पातळ यंत्रांत पट्टी बोर्डालाच जखडलेली असते, तिथे मात्र बोर्ड जिवंत करण्यावाचून गत्यंतर नाही. फुगलेल्या बॅटरीला टोचू नये, आणि चार्जरचा डबा कोणी उघडू नये. त्यात घरातली २३० व्होल्टची वीज असते.

अण्णांनी ९०० रुपये घेतले. ताईने परीक्षा त्याच लॅपटॉपवर अभ्यास करून दिली. निकाल अजून लागायचा आहे. कळफलकाच्या डाव्या बाजूच्या तीन कळा चहाने चिकटतात त्या चिकटतातच. नवा कळफलक सुगी झाल्यावर घालायचा ठरले आहे, तोवर बाहेरचा एक जोडून चालले आहे.